मळ्यात की माळावर

प्रिय ठमे,

तुझी सव्वासात मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली, एकदा भांडी घासताना आणि एकदा नीट बसून. चार घरांचे फोटो, मॅपवर मारलेल्या टाचण्या, एजंटनं पाठवलेला व्हिडिओ, आणि एवढं सगळं पाठवून शेवटी विचारलंस काय तर "सांग की गं, कोल्हापुरात राहायला चांगला एरिया कुठला?" आता ह्याचं उत्तर मेसेजवर दोन ओळीत देता येत नाही म्हणून आज दुपारी पंख्याखाली लिहायलाच बसलो. (हो, 'बसलो'. तू बारा वर्षं वाकडला राहून 'बसले-उठले' करायला लागलीस, मी नाही. तुझ्या नवऱ्याला आधीच सांगून ठेव की आमच्यात बायका अशाच बोलतात. तुमच्या लग्नात त्यानं फोनवर माझं "आलो आलो" ऐकून तुला विचारलेलं, कोण हा, ते मी विसरलो नाही.)

तर ऐक. पुण्यात घर बघताना तुम्ही काय बघता, ऑफिस किती लांब, सिग्नल किती, मॉल कुठाय. हितं त्यातलं काहीच लांब नाही. 2011 च्या जनगणनेला साडेपाच लाखाचं गाव आपलं, आता वाढलं असेल, पण अजून स्कूटीवर बसलीस की अर्ध्या तासात ह्या टोकाची त्या टोकाला. तेव्हा अंतर सोडून दे. हितं घर बघताना पाणी बघायचं. पावसाळ्यात दारात कितवर येतं ते, आणि उन्हाळ्यात नळाला येतं का ते. एजंट दोन्ही सांगत नाही, कारण एजंट घर दाखवतो दिवाळीनंतर, तेव्हा नदी पात्रात असते, विहिरी भरलेल्या असतात, हवा गार असते आणि सगळंच कोल्हापूर महाबळेश्वर वाटतं.

तुझं आवडतं घर कुठलं ते मला तुझ्या आवाजावरनंच कळलं. नागाळा पार्कच्या खालच्या अंगाचा तो बंगला, तळमजला, पुढं आंब्याचं झाड आणि झोपाळा. एजंट म्हणाला पॉश एरिया, तर त्यात तो खोटं बोललेला नाही, मोठी झाडं, रुंद रस्ते, डॉक्टर-वकिलांचे बंगले. पण तिथनं जरा उतारावर रमणमळ्याकडं गेलीस की 2019 ला त्या रस्त्यांवर होड्या फिरत होत्या. गाड्या जातात त्या रस्त्यावर होडी! ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या त्यांना पोरांनी खिडकीतनं काढून होडीत बसवलं. पूर एरिया बघून येत नाही. पूररेषेचा नकाशा असतो त्यात निळी रेषा आणि लाल रेषा असते, निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येईल असा पूर आणि लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा. आता आमचा हिशोब बघ, 2005 ला आला, 2019 ला आला आणि 2021 ला त्याच्याहून वर आला. आमच्याकडं शंभर वर्षं लई लवकर संपतात.

माझी कथा तुला अर्धीच माहीत आहे, कारण तेव्हा तू बाळंतपणात होतीस आणि मी फोनवर सगळं "ठीक आहे" म्हणत होतो. आम्ही तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या जवळ भाड्यानं होतो. स्टेशन जवळ, स्टँड जवळ, भाडं परवडणारं, मला वाटलं लॉटरी लागली. 2019 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. मला वाटायचं पूर म्हणजे नदी अंगावर धावून येणार, तसं काही नसतंय गं. नदी राहिली तिकडं पंचगंगा घाटावर. ती फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जायचं बंद होतं आणि नाला उलटा गावात शिरायला लागतो. त्याला फुग म्हणतात. आवाज नाही, लाट नाही, काही नाही. सकाळी गटारीच्या झाकणातनं बुडबुडे आले, दुपारी रस्ता ओला, संध्याकाळी पहिली पायरी गेली. शेजारच्या काकू खडूनं पायरीवर रेघ मारायच्या, परत तासाभरानं येऊन बघायच्या रेघ दिसती का, आणि गप आत जाऊन एकेक डबा माळ्यावर चढवायच्या. त्या काही बोलल्या असत्या तर मी कमी घाबरलो असतो.

त्या आठवड्यात कुणी कुणाला कसा आहेस विचारत नव्हतं, सगळे एकच विचारायचे, राजाराम बंधाऱ्याला (पंचगंगेचं पाणी तिथंच मोजतात) किती? 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे हितं शाळेतल्या पोराला पण पाढ्यासारखं पाठ असतंय. मग राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. ते सात दरवाजे आपोआप उघडतात, कुणी बटन दाबत नाही, म्हणून शिव्या तरी कुणाला घालायच्या. त्या साली पाणी 55 फुटांच्या वर गेलं.

आमच्या समोरच्या कुंभारांकडं गणपती होते, चतुर्थी 2 सप्टेंबरला होती, म्हणजे महिनाभर आधीची ऐन कामाची वेळ. रात्रभर त्यांची पोरं मूर्ती उचलून गच्चीवर नेत होती. सकाळी आमच्या जिन्यातनं दिसलं, गच्चीवर तीन ओळीत गणपती, रंग नाही, डोळे नाहीत, सगळ्यांच्या डोक्यावर एकच ताडपत्री, आणि पावसात ती फडफडायला लागली की दोन पोरं तिच्या कोपऱ्यांवर बसून राहायची. खाली ज्या राहिल्या त्यांचा परत चिखल झाला. त्या घरातली म्हातारी म्हणाली, "न्यायला लवकर आला." एवढंच बोलली.

आणि गंमत ऐक, घरात कमरेएवढं पाणी आणि प्यायला थेंब नाही. कारण गावाला पाणी उचलणारे पंपच नदीकाठी, ते बुडाले की नळ बंद. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, त्यामुळं पेट्रोल नाही, भाजी नाही. आम्ही आईकडं शिवाजी पेठेत जाऊन पडलो, दोन खोल्यांत अकरा माणसं. पाणी ओसरल्यावर परत आलो तर फ्रीज पालथा पडलेला, गाद्या फुगून दगड झालेल्या, आणि वास, तो वास मला अजून फोडणीच्या वासातनं सुद्धा कधी कधी येतो. लग्नाच्या अल्बमची पानं एकमेकाला चिकटली ती आम्ही अजून सोडवलेली नाहीत, तशीच पिशवीत आहेत.

पण मला राग पुराचा नाही. राग त्या घरमालकाचा. आम्ही घर सोडल्यावर त्यानं भिंतीवरची पाण्याची रेघ घासून काढली, वर ऑइलपेंट मारला, आणि पुढच्या भाडेकरूला सांगितलं की हितं पाणी येत नाही. मला कसं कळलं? 2021 च्या जुलैत एका अनोळखी नंबरवरनं फोन आला, लहान पोरगी होती बिचारी, म्हणाली, "ताई, शेजारच्या काकूंनी नंबर दिला, तुमच्या वेळी कितवर आलेलं?" मी म्हटलं आत्ताच्या आत्ता सिलिंडर बांध आणि कागदपत्रं घेऊन नीघ.

म्हणून सांगतो, त्या झोपाळ्याच्या बंगल्यात गेलीस तर आधी मालकाला विचारू नको. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचार. दूधवाल्याला विचार. त्यांना फूट-इंच सगळं माहीत असतं आणि त्यांना तुला काही विकायचं नसतंय.

आणि अजून एक, हे मला बाबांनी सांगितलेलं आणि तेव्हा मी हसलो होतो. ते म्हणायचे, कोल्हापुरात एरियाचं नाव ऐकायचं, मळा म्हणतात का माळ म्हणतात. रमणमळा, सुतारमळा, म्हणजे पूर्वीचे मळे, नदीच्या नाहीतर नाल्याच्या कडेची काळी जमीन, ऊस-भाजीपाला लई भारी यायचा, का, तर पाणी होतं म्हणून. सागरमाळ म्हणजे माळ, उंचावरचं, मुरमाड, कुसळं सोडून काही उगवत नव्हतं. मळ्यात पिकायचं आणि माळावर गुरं जायची. आता दोन्हीकडं बिल्डिंगी झाल्या, पण पाण्याला जुना पत्ता पाठ असतो. गांधी मैदान आठव, ते पूर्वीचं वरुणतीर्थ, तलाव होता तो, मोठा पाऊस झाला की अजून मैदानाचं तळं होतंय आणि आपण दरवेळी नव्यानं वैतागतो. तुझ्या मॅपवर हे काय दिसत नाही. मॅपवर सगळं सपाट.

आता म्हणशील मग माळावरच जाऊ की. मी पण तसंच केलं, पाण्याला भिऊन डोंगरावर पळालो. आर. के. नगरच्या बाजूला एका अपार्टमेंटात तिसऱ्या मजल्यावर दीड वर्षं काढलं. तुझ्या चारातला तो व्ह्यूवाला फ्लॅट आहे ना, त्याच अंगाला. व्ह्यू खरा आहे, खोटं का सांगू, रात्री गॅलरीत उभा राहिलो की सगळं गाव खाली दिव्यांचं ताट मांडल्यागत, आणि वारं असं की पंखा लागत नाही. तुझ्या नवऱ्याला त्याच्या मीटिंगा घ्यायला शांतता पाहिजे तर तिच्याइतकी शांतता कुठं नाही. सकाळी चालायला विद्यापीठाचा परिसर. सगळं झकास, मार्चपर्यंत.

एप्रिलात बोअरनं राम म्हटलं. बिल्डरनं चोवीस तास पाणी म्हणून सांगितलेलं, त्याचा फोन बंद. मग टँकर. टँकर कधी येईल ते देवाला पण माहीत नसायचं, रात्री साडेअकराला खाली हॉर्न वाजला की सगळी बिल्डिंग गाऊन-बर्म्युड्यावर खाली, कुणाच्या टाकीत आधी सोडायचं ह्यावरनं भांडणं, आणि तो जाड पाइप जिन्यातनं वर नेताना गळायचा तर तीन मजले फरशीवर ओली रेघ. मला रोज ती रेघ बघून शाहूपुरीतली भिंतीवरची आठवायची. म्हटलं काय नशीब आहे, तिकडं पाणी आलं म्हणून पळालो आणि हितं येत नाही म्हणून रडतोय.

ह्याच्या मागं कारण काय ते पण समजून घे, कारण तुला कुणी सांगणार नाही. 1972 ला आपल्या नगरपालिकेची महापालिका झाली आणि तेव्हापासून मी हे लिहितोय तोवर गावाची हद्द वाढलेलीच नाही. आर. के. नगर, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उजळाईवाडी, तुला बघताना सगळं एकच कोल्हापूर वाटतंय, सलग घरं आहेत, पण कागदावर ती ग्रामपंचायती आहेत. म्हणजे पाणी वेगळं, कचरा वेगळा, घरफाळा वेगळा. हद्दवाढ पाहिजे म्हणून गावातले आंदोलन करतात, नको म्हणून तिकडचे करतात, आणि दोघांचं पण बरोबर आहे असं मला दोन्हीकडं राहून वाटतंय. काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर एकदाची पुईखडीच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्राला पोचली, पण ती शहरासाठी. म्हणून तिकडचा फ्लॅट घ्यायचा म्हटलास तर मे महिन्यात ये, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही, वॉचमनला विचार की आठवड्याला टँकर किती. आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे लक्षात घे. चढ आहे, रिक्षावाला कुरकुर करतो, भाजीवाला आठवड्यातनं दोनदा वर येतो आणि त्याच्याकडं बघून वाटतं आपणच त्याच्यावर उपकार करतोय का काय.

पेठेचं सांगतो. तू म्हणतीस नवऱ्याला "ऑथेंटिक कोल्हापूर" पाहिजे. त्याला म्हणावं ये, आईच्या शेजारची जागा रिकामी आहे, अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून दोन मिनिटांवर, पुराच्या कितीतरी वर. जुन्या लोकांना अक्कल होती, त्यांनी घरं उंचवट्यावर बांधली आणि खाली शेती केली. पेठेत तुझी लेक कुठल्याही घरात जेवेल, सासूबाईंना बोलायला माणसं मिळतील (नागपुरी असल्या तरी चालतंय, पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी सांडग्यांची देवाणघेवाण), रात्री दोनला दुखलं-खुपलं तर तालमीतली पोरं गाडी काढतात आणि कोण कुठल्या जातीचं ते नंतर विचारतात. विचारतात मात्र नक्की, ते पण सांगून ठेवतो. गंगावेशीला जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध ग्लासात घेऊन उभ्यानं प्यायचं, ओठावर फेस, ते एकदा त्याला दाखवच.

पण पेठेत तुझं काहीही तुझं राहत नाही. पिशवी घेऊन बाहेर पडलीस की तीन दारांतनं "कुठं चाललाय?" आणि उत्तर द्यावं लागतं, बाजारात म्हटलं तर कशाला, ते पण. पार्किंगवरनं रोज एक महाभारत. पाटाकडील-दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच असेल त्या दिवशी घरातला एक पण पुरुष कामाचा नसतो आणि हरले तर दुसऱ्या दिवशी पण नसतो. आणि विकत घ्यायचं तर विचारच करू नको. आईच्या शेजारच्या त्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर 14 नावं आहेत, त्यातली दोन देवाघरी, एक ऑस्ट्रेलियात, आणि एका काकांनी 'मी मेल्यावर सही करतो' असं सांगितलंय. भाड्यानं राहा, 11 महिन्यांचं अॅग्रीमेंट कर, आनंदात राहा.

आणि आता आम्ही राहतो ती राजारामपुरी. तुझ्या यादीत ती चौथ्या नंबरला, फोटो पण एकच, म्हणजे तुला फारशी आवडलेली नाही. हितलं घर फोटोत चांगलं दिसतच नाही, खाली दुकान, वर गॅलरी, समोर परत तसंच. पण गल्ल्या सरळ, नंबरवार, नवीन माणूस चुकत नाही. पहिलीपासून चौदावीपर्यंत, पत्ता सांगायला एक आकडा पुरतो. खाली उतरलं की दळण, शिंपी, मेडिकल, पोळ्या लाटून देणारी मावशी, सगळं चपलेत पाय घालायच्या आत. नळाला पाणी वेळेवर येतं, निदान आमच्या गल्लीत. पूर आमच्या गल्लीपर्यंत येत नाही. मात्र पाऊस पडला की परीख पूल तुंबतो आणि स्टेशनकडं जायला वळसा पडतो, तेवढं चालवून घ्यायचं.

वाईट काय, तर आवाज. चतुर्थीच्या दिवशी हितल्या मंडळांच्या आगमन मिरवणुका असतात, तू लहानपणी बघितल्यास त्या नव्हेत आता, साउंड सिस्टीमच्या भिंती उभ्या असतात. कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटून वाजतात. मागच्या वर्षी आमच्या नवऱ्यानं कानात कापूस घातला आणि मग खाली जाऊन नाचून पण आला, कापूस तसाच. तुझ्या नवऱ्यानं त्या दिवशी रजा टाकायची, मीटिंग घेतली तर अमेरिकेतले लोक हलगी शिकतील.

मला विचारशील तर, आणि विचारलंसच आहेस, मी म्हणेन राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यापासून आतली गल्ली नाहीतर सागरमाळाकडची बाजू, दुसरा मजला, भाड्यानं, एक वर्ष. पुण्यात जे भाडं भरता त्याच्या निम्म्यात भागेल. महिन्यातनं दोनदा त्याला ऑफिसला जायचंय तर स्टेशन पुलापलीकडं आहे, वंदे भारत आठवड्यातनं तीन दिवस असतीय, बाकी हायवेच्या कामावर माझा भरवसा नाही. विकत घ्यायची घाई करू नको. पुण्याचा फ्लॅट विकून हातात पैसे आले की माणसाला एकदम झोपाळे दिसायला लागतात.

आणि आता खरं काम. आषाढात ये. घर बघायला आणि नवं पाणी घेऊन जायला, दोन्ही एकदम. तुला त्र्यंबोलीची जत्रा आठवती ना, पंचगंगेचं नवं पाणी कळशीत भरून डोक्यावर घ्यायचं, पुढं पी-ढबाक वाजंत्री, आणि पार टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन देवीच्या पायरीवर ओतायचं? सातवीत तू अर्ध्या वाटेत कळशी सांडून रडलेलीस आणि मी माझ्यातलं निम्मं तुला ओतून दिलेलं. ह्या वर्षी आमच्या गल्लीचं पाणी शुक्रवारी जाणार आहे असं ठरतंय. नदीवर पाणी भरताना दिसेलच किती चढलंय, आणि वर टेकडीवर उभं राहून मी तुला बोटानं दाखवतो, हा मळा, तो माळ, तो तुझा झोपाळा, तो माझा टँकर. लेकीला घेऊन ये. सहा महिन्यांत ती "मी जातो" म्हणायला लागली तर मात्र मला फोन करून ओरडायचं नाही.

गुरुवारी रात्रीपर्यंत पोचा, अंथरुणं काढून ठेवतो. आणि नवऱ्याला सांग, ते पांढरे बूट घालून येऊ नको म्हणावं, साध्या चपला आण.

तुझी,
सातवी ब, शेवटचा बाक